एमजीबी रोडस्टर (१९७१) : टकटक थांबली तेव्हा

एमजीबी या जुन्या ब्रिटिश उघड्या स्पोर्ट्स कारबद्दल लिहायचं म्हटलं की लोक गंजावर आणि गळक्या कापडी हूडवर लिहितात. मी पेट्रोलच्या पंपावर लिहिणार आहे. त्या पंपापायी गराजवाल्याशी माझं कडाक्याचं भांडण झालंय आणि राग अजून उतरलेला नाही.

गाडी क्रोम बंपरवाली, १७९८ सीसी, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर, ओव्हरड्राइव्हसकट (म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर). बाकी सगळं तुम्हाला माहीत आहेच. मी इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये राहतो, ती जिथे बनली ते ॲबिंग्डन इथून हाकेच्या अंतरावर. वसंतापासून जमेल तेव्हा हीच गाडी काढतो.

ए३४ महामार्गावर न्यूबरीच्या अलीकडे तिने आचके द्यायला सुरुवात केली आणि बंदच पडली. इग्निशन चालू करून कान दिला, तर मागून काहीच आवाज नाही.

हा आवाज म्हणजे काय, ते नीट सांगतो. एसयूचा पंप उजव्या मागच्या चाकाजवळ, गाडीच्या पोटाखाली असतो. आतली कॉइल डायफ्रॅमला (लवचीक पडद्याला) ओढते, पेट्रोल आत येतं. ओढ संपते तिथे पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडतात, करंट तुटतो, स्प्रिंग डायफ्रॅमला परत ढकलते आणि पेट्रोल पुढे जातं. प्रत्येक फेरीला एक टक. कार्ब्युरेटरची भांडी भरली की सुईची झडप बंद होते, दाब अडतो आणि पंप आपोआप थांबतो. म्हणून किल्ली फिरवल्यावर आधी भराभर टकटक, मग सावकाश, मग शांत, हे लक्षण चांगलं. टकटक थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा कुठूनतरी हवा ओढली जातेय. इंजिन बंद असताना मधूनच एखादी टक येत असेल तर पेट्रोल गळतंय किंवा पंपाची झडप धरत नाहीये. एवढं सगळं फक्त कानांनी कळतं! डॅशबोर्डवर कितीही दिवे लावले तरी हे इतकं सोपं होणार नाही.

गाडी उचलून नेली ती गराजमध्ये. त्यांनी तासाभराची तपासणी लावली आणि नव्या ‘युनिव्हर्सल’ इलेक्ट्रॉनिक पंपाचं जवळजवळ ३०० पौंडांचं एस्टिमेट हातात ठेवलं. पंपाचं काळं टोपण उघडलंय का, असं मी विचारलं. उघडलं नव्हतं. टोपणावरची चिखलाची पुटं जशीच्या तशी होती! मग तासभर तपासलं काय? शिवाय एसयूचा मूळ पंप जेमतेम ३ पीएसआय दाब देतो, कार्ब्युरेटरची सुई त्याच हिशोबाने बसवलेली असते. जास्त दाबाचा पंप लावला की सुई तो दाब अडवत नाही आणि पेट्रोल ओसंडून तापलेल्या इंजिनवर सांडतं. हे मी सांगायचं आणि त्यांनी मान डोलवायची, आणि तपासणीचं बिल मात्र पूर्ण घ्यायचं.

घरी जॅक लावला, चाक काढलं, टोपण उघडलं. पॉइंट काळेठिक्कर. पॉइंटवरची ठिणगी विझवायला बसवलेला कंडेन्सर मेलेला, त्यामुळे प्रत्येक टकेला पॉइंट थोडे थोडे जळत गेलेले. बारीक पॉलिशपेपरने घासले, नवा कंडेन्सर टाकला, टोपणाच्या कडेला नीट टेप गुंडाळली. खर्च दहा पौंडांच्या आत. तेव्हापासून पंप एकदाही अडलेला नाही.

या प्रकरणानंतर माझं एक मत बदललं. गाडी घेतली तेव्हा लुकास कंपनीची मूळ वायरिंग सगळी उपटून नवी टाकायचा बेत होता. आता तो रद्द. मंद टेललाइट, अडखळणारा इंडिकेटर, हे सगळं अर्थिंगचे जोड आणि बुलेट कनेक्टर घासल्यावर ताळ्यावर आलं. मूळ रचना साधी आहे, तारेचा रंग बघून माग काढता येतो. पन्नास वर्षांचा गंज साचला तर त्यात तारेचा काय दोष?

इंजिनाबद्दल थोडक्यात. बी-सिरीज, म्हणजे आपल्या अँबॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं थोरलं भावंड. कोल्हापूरच्या मामांनी फोनवर बॉनेटखालचा फोटो पाहिला आणि लगेच टॅपेटच्या गोष्टी सुरू केल्या. १९६४ नंतरच्या गाड्यांत क्रँकला तीनऐवजी पाच बेअरिंग आहेत, घ्यायची तर तीच घ्या. ब्रेकला सर्वो (पायाच्या जोराला मदत करणारं यंत्र) नाही, पाय दाबून लावावा लागतो, सवय होते.

खर्चाचं बघाल तर चाळीस वर्षं उलटल्यामुळे रोड टॅक्स शून्य. एमओटीची (गाडीच्या वार्षिक तपासणीची) सक्तीही नाही, पण मी करून घेतो, कारण या गाडीला वेगळी चासी नाही, दाराखालचे सिल गेले की गाडीचा कणाच गेला. पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, म्हणून सुटे भाग मुबलक आणि स्वस्त. खुपतं ते पेट्रोल. २०२१ पासून इथे साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं) झालं, ते जुन्या रबरी नळ्या खातं, म्हणून महागडं सुपर ई५ भरावं लागतं. दर टाकीला जीव वर-खाली होतो.

तुम्ही एमजीबी बघायला जाल तेव्हा रंगाच्या आधी सिल बघा, आणि मालकाला इंजिन सुरू न करता फक्त किल्ली फिरवायला सांगा. मग सीटच्या मागे कान द्या.

तपासणीचे पैसे परत मागणारं पत्र गराजला पाठवलंय. उत्तर आलं की इथेच लिहीन.