आपल्या भागापुरता मॅस्टोडॉन सर्व्हर सुरू करून बरेच महिने झाले, त्याचा अनुभव

आम्ही तिघांनी मिळून आमच्या भागातल्या लोकांसाठी मॅस्टोडॉनचा सर्व्हर सुरू केला. मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखं सोशल नेटवर्क, पण एका कंपनीचं नाही, कोणीही आपला सर्व्हर चालवायचा आणि हे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले. सुरुवातीचा उत्साह ओसरून आता रोजचं रूटीन बसलंय, त्यामुळे खरं काय ते सांगता येईल. इन्स्टॉल केल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहिलेले "एकदम सोप्पं आहे" वाले अनुभव भरपूर सापडतात, पुढचं कोणी लिहीत नाही.

इन्स्टॉलेशनबद्दल फार बोलत नाही. रेल्सचं अॅप, पोस्टग्रेस डेटाबेस, तात्पुरता डेटा ठेवणारं रेडिस, पडद्यामागची कामं उपसणारं साइडकिक, स्ट्रीमिंगसाठी नोड, लिनक्सची सवय असेल तर शनिवार-रविवारात उभं राहतं. सवय नसेल तर सरळ मॅनेज्ड होस्टिंग घ्या, म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याने सांभाळलेला सर्व्हर, त्यात कमीपणा काही नाही. फक्त डोमेन मात्र नीट विचार करून घ्या, कारण ते प्रत्येकाच्या हँडलचा, म्हणजे खात्याच्या पत्त्याचा, भाग होतं आणि लोक आल्यावर बदलता येत नाही, बदललं तर बाकीच्या सर्व्हरच्या लेखी तुमची सगळी खाती नवीनच. आणि दिसायला गोड म्हणून भलत्याच देशाचं एक्स्टेंशन (डोमेनचं शेपूट) घेऊ नका. 'क्विअर डॉट एएफ' नावाचा सर्व्हर होता, 'एएफ' हे अफगाणिस्तानचं एक्स्टेंशन, फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या राजवटीत ते डोमेनच काढून घेतलं गेलं, विषय संपला.

खरी अडचण सर्व्हर चालू झाल्यावर येते, ती म्हणजे रिकामेपण. नवीन सर्व्हरला बाहेरच्या जगाची काहीच माहिती नसते. तुमच्या सर्व्हरवरचं कोणी ज्याला फॉलो करतं मुख्यतः त्याच्याच पोस्ट आत येतात, त्याही फॉलो केल्यानंतरच्या. म्हणजे नवीन माणूस हौसेने येतो, आपल्या भागाचा हॅशटॅग शोधतो, दोन पोस्ट दिसतात, आणि त्याला वाटतं इथे कोणीच नाही. यावर लोक रिले जोडायला सांगतात, म्हणजे बऱ्याच सर्व्हरच्या पोस्ट एकमेकांकडे पोचवणारी सेवा. आम्ही मोठा रिले थोडे दिवस जोडून बघितला, कुठल्या कुठल्या भाषांचा लोंढा सुरू झाला आणि डिस्क भरायला लागली, बंद केला. त्यापेक्षा साधा उपाय चालला: सर्व्हरच्या नावाचं एक खातं काढलं आणि दुसऱ्या सर्व्हरवर आधीपासून असलेल्या आमच्या भागातल्या लोकांना त्यावरून शोधून शोधून फॉलो केलं. त्यांच्या पोस्ट फेडरेटेड टाइमलाइनला (बाहेरच्या सर्व्हरवरून आलेल्या पोस्टही दिसतात ती) यायला लागल्या, हॅशटॅगला जीव आला. नवीन लोकांना कायम ठरावीक खाती सुचवायची सेटिंग अॅडमिनमध्ये आहे, तीही वापरा, बरेच जण तिकडे बघतच नाहीत.

पण लोक टिकतात ते लोकल टाइमलाइनमुळे, म्हणजे फक्त आपल्याच सर्व्हरवरच्या लोकांच्या पोस्टमुळे. आमचं तर मत झालंय की भागाच्या सर्व्हरचं खरं प्रॉडक्ट तेवढंच आहे, बाकी सगळं मोठ्या सर्व्हरवर जास्त चांगलं मिळतं. एकमेकांना फॉलो न करणारी माणसं तिथे एकमेकांना दिसतात, कोणी विचारतं अमुक रस्ता चालू आहे का, ज्याने विचारलं त्याला ओळखतही नसलेला कोणीतरी पाच मिनिटांत उत्तर देतो. ती टाइमलाइन बिघडली तर सर्व्हर चालवण्यात अर्थ नाही, म्हणून रजिस्ट्रेशन आम्ही पहिल्यापासून अप्रूव्हलवर ठेवलंय, आम्ही मंजूर केलं तरच खातं मिळतं, एकच प्रश्न, या भागाशी तुमचं काय नातं. उत्तर दोन ओळींचं असलं तरी बॉट लगेच ओळखू येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पॅमची मोठी लाट आली होती ती मंजुरीशिवाय कोणालाही खातं देणाऱ्या, कोणी लक्ष न देणाऱ्या छोट्या सर्व्हरांवरून. त्यानंतर मॅस्टोडॉननेच ठेवलंय की आठवडाभर मॉडरेटर फिरकलाच नाही तर उघडं रजिस्ट्रेशन आपोआप अप्रूव्हलवर जातं.

मॉडरेशनचं, म्हणजे तक्रारी निस्तरण्याचं, मात्र कोणी आधी सांगितलं नव्हतं. मोठ्या सर्व्हरवर रिपोर्ट येतो अनोळखी माणसाचा, इथे येतो ओळखीच्या माणसाचा ओळखीच्या माणसाविरुद्ध. अर्धं भांडण सर्व्हरच्या बाहेर झालेलं असतं, आपल्याला स्क्रीनवर फक्त शेवटचा टोमणा दिसतो, तो वाचून काय डोंबल ठरवणार. आम्ही एकच नियम केला, ज्याची ओळख त्याने त्या रिपोर्टला हात लावायचा नाही. म्हणून तिघं तरी हवेतच, एकट्याने हे करू नका. आणि अजून एक, मॅस्टोडॉनचे खासगी मेसेज एंड टू एंड एन्क्रिप्टेड नसतात, अॅडमिनला डेटाबेसमध्ये ते बघता येतात. परक्या अॅडमिनचं कोणाला काही वाटत नाही, पण इथे अॅडमिन उद्या समोर भेटणारा असतो. आम्ही हे नियमांच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहिलंय, दोन-तीन जण त्यामुळे आलेच नाहीत, ठीक आहे.

बाहेरचे सर्व्हर ब्लॉक करताना हात आवरता ठेवा. 'लिमिट' केलं तर ते सर्व्हर नजरेआड जातात पण फॉलो तसेच राहतात, 'सस्पेंड' केलं तर दोन्हीकडचे फॉलो तुटतात आणि नंतर ब्लॉक काढला तरी परत येत नाहीत. मॅस्टोडॉनच्या ४.३ आवृत्तीपासून असं काही तुटलं की युजरला निदान नोटिफिकेशन तरी जातं. थ्रेड्स (फेसबुकवाल्या मेटाचं, मॅस्टोडॉनशी जोडता येणारं नेटवर्क) ब्लॉक करायचं की नाही यावर आमच्याकडे रणकंदन झालं, शेवटी सांगितलं ज्याला नको त्याने स्वतःच्या खात्यावरून ते डोमेन ब्लॉक करावं, तशी सोय आहेच.

खर्चाचं म्हणाल तर प्रोसेसरपेक्षा स्टोरेज खातं. दुसऱ्यांचे फोटो-व्हिडिओ आपल्या सर्व्हरवर कॉपी होऊन साठतात, ते किती दिवस ठेवायचे ही सेटिंग पहिल्याच दिवशी लावा आणि मीडिया ऑब्जेक्ट स्टोरेजवर (फाइल ठेवायला भाड्याने मिळणारी वेगळी जागा) टाका. बॅकअप रोज, डेटाबेसचा तर हवाच, पण सीक्रेट की असलेली एन्व्ह फाइलही (सर्व्हरच्या सेटिंगची फाइल) वेगळी जपा, ती गेली तर डेटाबेस असूनही लोकांचं टू-फॅक्टर लॉगिन वगैरे बिघडतं. अपडेट टाळू नका, जुलै २०२३ ला मीडिया फाइलमधून सर्व्हरच ताब्यात घेता येईल असा बग निघाला होता, दुरुस्तीचा पॅच आल्याआल्या लावणारं कोणीतरी हवं. मॅस्टोडॉनच्या अधिकृत साइटवरच्या यादीत यायचं तर सर्व्हर कॉव्हेनंट नावाची नियमावली पाळावी लागते, तिच्यात रोजचा बॅकअप, अजून एकाकडे इमर्जन्सी अॅक्सेस आणि बंद करायचं झाल्यास तीन महिने आधी सूचना या अटी आहेत, आम्ही त्या यादीत नाही तरी तिन्ही जशाच्या तशा घेतल्या. शेवटची अट महत्त्वाची, कारण खातं हलवलं की फॉलोअर बरोबर येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत, आणि हे कळलं की लोक चिडतात, चिडणारच.

फुल टेक्स्ट सर्च, म्हणजे पोस्टमधल्या कुठल्याही शब्दावरून शोधायची सोय, अजून लावलेलं नाही. त्याला इलास्टिकसर्च हे वेगळं सॉफ्टवेअर लागतं, त्याची मेमरीची भूक मोठी, आणि लोकांच्या वर्गणीतून तेवढं निघत नाही. लोक अधूनमधून मागतात, तोवर हॅशटॅग टाकत चला म्हणून सांगतो, निम्मे टाकतात.