फोनमधला टायमर: सात महिने वापरून पाहिल्यावर

मी नागपूरच्या मेट्रोत उज्ज्वल नगरला चढतो आणि बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला उतरतो. मध्ये पाच स्टेशनं. नोव्हेंबरात एका सकाळी मान वर केली तर गाडी झिरो माईलला उभी. रोजचं स्टेशन मागे पडलं आणि मला पत्ता नाही, कारण हातातल्या फोनवर कोणीतरी पुडाची वडी, म्हणजे सांभार (आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात) भरलेली वडी, तळत होतं. आई होती तेव्हा हिवाळ्यात ती आमच्या घरी दर रविवारी व्हायची. वडीसाठी ऑफिसला उशीर झाला नसता, रीलसाठी झाला.

त्याच रात्री सेटिंगमध्ये जाऊन फोन किती वापरला ते मोजणारं आणि ॲपला टायमर लावणारं ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडलं. अँड्रॉइडमध्ये हे २०१८ पासून आहे, पैसे लागत नाहीत. माझ्या फोनमध्ये नुसतं पडून होतं. आता जून लागला, म्हणून हिशोब लिहितो.

पहिल्या आठवड्याचा आकडा: रोज सरासरी ४ तास ५० मिनिटं. फोन उघडला दिवसाला ११८ वेळा. मी दीड-दोन तास धरून चाललो होतो.

अर्थात हा आकडा तसाच्या तसा मनाला लावून घेऊ नका. अमरावतीला गाडी घेऊन गेलो तेव्हा नकाशा तीन तास उघडा होता, तोही यात मोजला गेला. फोनवर पुस्तक वाचलं काय आणि रील पाहिली काय, मिनिटं सारखीच. उलट स्क्रीन बंद ठेवून तासभर पॉडकास्ट ऐकलं तर काहीच नाही. टपरीवर चहाचे दहा रुपये स्कॅन करायला फोन काढला, तो एक ‘अनलॉक’.

टायमरचं काम सोपं आहे. इन्स्टाग्रामला ३० मिनिटं दिली की तेवढ्यानंतर ॲप बंद होतं, त्याचं चिन्ह राखाडी पडतं आणि रात्री बारा वाजता मोजणी नव्याने सुरू होते. पण कुलूप लावून किल्ली त्याच दाराला टांगलेली आहे. दोन-तीन ठिकाणी बोट लावलं की टायमर निघतो. डिसेंबरात मी तो नऊ वेळा काढला. जानेवारीत काढणं बंद केलं, तर बारा वाजता नवा कोटा मिळतो म्हणून जागा राहायला लागलो. शेहेचाळिसाव्या वर्षी! शिवाय एक ॲप बंद झालं की हात दुसऱ्याकडे जायचाच. इन्स्टाग्राम नाही तर युट्यूब, ते नाही तर क्रिकेटचा स्कोअर, तेही नाही तर बँकेतली शिल्लक. शिल्लक काही वाढलेली नसायची.

ही सवय कधी लागली तेही मला माहीत आहे. २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली तेव्हा मी ते कधी उघडलंही नव्हतं. ‘पोट्ट्यांचं काम’ म्हणायचो. जुलैत रील्स आल्या, सप्टेंबरात शॉर्ट्स, आणि घरात कोंडलेला मी पोट्टा झालो.

उपयोग झाला तो दोन वेगळ्याच गोष्टींचा. एक म्हणजे स्क्रीन काळी-पांढरी करणं. राखाडी तर्री-पोहे पाहिलेत कधी? सिमेंटचा राबडा दिसतो, बोट आपोआप मागे येतं. तोटाही सांगतो. बायकोने दुकानातून साडीचे दोन फोटो पाठवले, ‘कोणती घेऊ?’ मी छातीठोकपणे ‘दुसरी’ म्हटलं. साडी एकच होती, रंग दोन होते. दुसरं, युट्यूबची हिस्ट्री पुसून बंद केली. २०२३ पासून असं केलं की पहिलं पान कोरं येतं. आता काय पाहायचं ते स्वतः शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा मला काही पाहायचंच नसायचं.

फेब्रुवारीत शंभर पानी वही आणली. झोपण्याआधी दिवसभरात काय पाहिलं, ऐकलं, वाचलं ते आठवेल तेवढं लिहायचं. पहिल्या रात्री अर्ध्या तासाच्या इन्स्टाग्राममधलं दोनच आठवलं: छत्री घेऊन चालणारा कुत्रा आणि कोणाचं तरी लग्न. पेपरमधल्या मात्र सहा बातम्या लिहिल्या, त्यातली एक आमच्याच भागातल्या पाण्याची.

मग बाबांना विचारलं, सकाळी रेडिओवर काय होतं? आकाशवाणी नागपूर १९४८ मध्ये सुरू झालं, आणि मला कळायला लागल्यापासून बाबांच्या रेडिओचा काटा तिथे, ५८५ वर आहे. ‘काहून, परीक्षा घेतो का?’ म्हणाले, आणि बातम्या, संत्र्याच्या झाडांबद्दलचा सल्ला आणि दोन गाणी लागली त्या क्रमाने सांगितली. वय ७८. पण त्यांची स्मरणशक्ती दांडगी आहे एवढंच नाही. रेडिओवरचा कार्यक्रम संपतो, निवेदक पुढचं नाव सांगतो, तेवढ्यात बाबा उठून कुंड्यांना पाणी घालून येतात. माझ्या हातातल्या गोष्टीला संपणंच नाही. अझा रास्किन नावाच्या डिझायनरने २००६ मध्ये हे न संपणारं स्क्रोल तयार केलं, आणि पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली.

एप्रिलमध्ये मी २ तास १० मिनिटांवर होतो. मेमध्ये सगळं वाहून गेलं. दुपारी बाहेर भट्टी, कूलरसमोर गादी, आणि माणूस आडवा झाला की हात रिकामा राहत नाही. सरासरी पुन्हा ३ तास ५५. नागपूरच्या उन्हाळ्यात कोणी हा प्रयोग सुरू करू नये. दिवाळीनंतर करा.

पुढे वापरणार का? काळी-पांढरी स्क्रीन आणि वही, हो. टायमर राहू देईन, पण तो माझ्यासाठी आता भिंतीवरच्या घड्याळासारखा आहे.

मागच्या महिन्यात ताईने बाबांना मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन दिला. परवा सकाळी चहाला बसलो तर रेडिओ बंद. बाबा आरामखुर्चीत, अंगठा सुरू, आवाज पूर्ण. पुढ्यात कोणीतरी पुडाची वडी तळत होतं.

‘बाबा, टायमर लावून देऊ का?’

‘बस इकडे,’ ते म्हणाले. ‘हे पाय, सांभार किती कमी टाकला यानं. तुही आई असती तं हसली असती.’