पिंपळगावहून आणलेली सिकेटर

रथसप्तमी झाली की उन्हाची तऱ्हा बदलते. नाशिकला सकाळी अजून शाल लागते, पण दुपारी गच्चीवरच्या कुंडीला हात लावला तर चटका बसतो. मोगरा छाटायचा तो याच दिवसांत. मोगऱ्याला कळी धरते ती नव्या फुटीवर, त्यामुळे जुन्या काड्या राखल्या तर उन्हाळाभर नुसती पानं बघत बसायची.

गेल्या वर्षी मी घरपोच मागवलेल्या एका स्वस्त कात्रीने छाटणी केली. तिचं एकच पातं धारेचं, आणि ते खालच्या सपाट पट्टीवर येऊन बसायचं. काडी कापली जाण्याआधी चेचली जायची. आठवड्यात टोकं काळी पडली, दोन काड्या तर वरून खाली वीतभर वाळत गेल्या. फुलं आली, पण उशिरा आणि मोजकी. सासूबाईंच्या मोगऱ्याच्या फांद्या लावून वाढवलेली ही सहा झाडं आहेत, त्यामुळे जीव फार हळहळला.

यंदा संक्रांतीला माहेरी, पिंपळगाव बसवंतला गेले होते. भावाची द्राक्षबाग आहे. भाच्याला कात्रीचं सांगितलं तर म्हणाला, "आत्या, तसली आम्ही बागेत येऊच देत नाही. सिकेटर घे, काडीला कळतसुद्धा नाही." त्याच्याबरोबर कृषी सेवा केंद्रात जाऊन आठ इंची सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, घेतली, 520 रुपयांना. दुकानदाराने चार प्रकार काढून समोर ठेवले आणि वाळक्या फांदीवर नाही, हिरव्या काडीवर कापून बघायला लावलं. हे मला फार आवडलं.

हिचं वरचं पातं पातळ, गोलसर आणि धारदार. खालचं जाड, आकड्यासारखं वाकडं, बिनधारेचं. वरचं पातं खालच्याच्या कडेने घसरत जातं, म्हणून काडी चेपत नाही. एक गोष्ट मात्र भाच्याने हातात हात धरून शिकवली: धारेचं पातं झाडावर राहणाऱ्या भागाकडे ठेवायचं आणि आकडा तुटून पडणाऱ्या भागाकडे. उलटं धरलं तर आकड्याचा दाब राहणाऱ्या काडीवर पडतो.

रथसप्तमीच्या आधी दहा दिवस मोगऱ्याचं पाणी तोडलं. पानं पिवळी होऊन गळू लागली, तेव्हा निम्म्या उंचीवर छाटला. गुलाबाचा डोळा, म्हणजे नवी फूट निघते ती जागा, एकेक असतो, तिथे काप तिरका देतात. मोगऱ्याचे डोळे समोरासमोर जोडीने येतात, म्हणून जोडीच्या जरा वर सरळ काप दिला. पेन्सिलीएवढी काडी एका दाबात सुटते, कापावर बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. मग माती खुरपून दर कुंडीत दोन मुठी कंपोस्ट आणि एक मूठ निंबोळी पेंड घातली आणि भरपूर पाणी दिलं.

बाकी झाडांना फार वेळ लागला नाही. गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरमध्येच झालेली, आता फक्त सुकलेली फुलं काढली. कढीपत्त्याचे शेंडे खुडले. जास्वंदीच्या दोन अंगठ्याएवढ्या फांद्या काढल्या, तिथे मात्र दोन्ही हातांनी दाबावं लागलं. त्या कापांवर बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावली: 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम चुना प्लास्टिकच्या डब्यांत वेगवेगळे भिजवून, मग एकत्र करून 100 मिली केली. त्यात विळ्याचं टोक बुडवून बघायचं. लोखंडावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून घालायचा.

तक्रारी दोन. मिटवून ठेवायची कडी सैल आहे, पिशवीत आपोआप उघडते. मी रबर बांधून ठेवते. आणि मुठी पुरुषी हाताच्या मापाच्या आहेत. माझा हात लहान, तासाभराने अंगठ्याचा तळ दुखतो. बायकांनी सात इंची बघावी. स्प्रिंग एकदा उडून कुंडीत पडली, पण ती बोटाने परत बसते. काम झालं की पातं स्पिरिटने पुसते, चिकटलेला चीक वाळू देत नाही आणि सांध्यात तेलाचा एक थेंब टाकते. धार लावायची ती वरच्या पात्याच्या उताराच्या बाजूनेच, सपाट बाजू घासायची नाही.

आज महाशिवरात्र, छाटणीला तीन आठवडे झाले. एकही टोक काळं नाही. कापाच्या लगेच खाली दोन्ही बाजूंनी पोपटी फूट निघाली आहे, बारीक लव असलेली, आणि पहिल्या झाडाच्या तीन शेंड्यांवर कळ्यांचे झुपके दिसतात, जिऱ्याएवढे. मावा येऊ नये म्हणून पानांच्या खालच्या बाजू रोज बघते.

आत्ता सिकेटर शेजारच्या वहिनींकडे गेली आहे. देताना पातं पुसून दिलं, परत आली की आधी पुन्हा पुसेन, कारण त्यांच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आहे.