प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह : खालच्या मजल्यावरील घरातील अनुभव

वीस मजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून थेट खाली येणाऱ्या पाण्याचा दाब दर 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बारने वाढतो, त्यामुळे आमच्या दुसऱ्या मजल्यावर तो 5 बारच्या पुढे जात असे. नळ झटकन बंद केला की पाइपांतून धाडकन आवाज येई आणि जेट स्प्रेची नळी वारंवार फुटत असे. मुख्य लाइनवर, बॉल व्हॉल्व्हच्या पुढे, पाऊण इंची पितळी प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह (पाण्याचा दाब कमी करणारी झडप) बसवल्यावर हे दोन्ही त्रास थांबले.

गेज (दाब दाखवणारे मापक) लावण्याची सोय असलेलेच मॉडेल घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण काटा दिसल्याशिवाय दाब कमी-जास्त करणारा स्क्रू किती फिरवायचा हे अंदाजाने ठरवणे योग्य नाही. सर्व नळ बंद असताना आम्ही दाब 3 बारवर ठेवला. शॉवर सुरू केल्यावर काटा थोडा खाली येतो, हे स्वाभाविक आहे.

एक उणीव मात्र खटकते. टाकी धुतल्यानंतर व्हॉल्व्हच्या आतल्या जाळीत रेती अडकते आणि धार बारीक होते, पण जाळीचे टोपण भिंतीकडे असल्याने तिथे पाना नीट फिरत नाही.

गीझर असलेल्या घरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. तापून प्रसरण पावलेले पाणी या व्हॉल्व्हमुळे मागे जाऊ शकले नाही, तर गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडू लागतात. तो मार्ग कधीही बंद करू नये, प्लंबरकडून एक्स्पान्शन टाकी (प्रसरण पावलेले पाणी सामावून घेणारी छोटी टाकी) बसवून घ्यावी.