मायकोरायझाचं मदर कल्चर: १ किलोचे ५५ किलो

उन्हाळ कांद्याच्या रोपासाठी यंदा मी दुकानातली पाकिटं घेतली नाहीत, एका कृषी महाविद्यालयातून मायकोरायझाचं १ किलो मदर कल्चर, म्हणजे विरजणासारखं पुढे वाढवायचं बियाणं, आणलं. मायकोरायझा ही पिकाच्या मुळीत राहून तिला जमिनीतलं स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देणारी बुरशी. पिशवी उघडली तर भुरकट माती आणि तिच्यात मुळ्यांचे बारीक तुकडे. ते तुकडे पाहूनच बरं वाटलं, कारण ही बुरशी जिवंत मुळीशिवाय वाढत नाही.

मागच्या वर्षी एका दुकानदाराने काळी पावडर दिली होती. "ताई, टाकीत गूळ घालून भिजवा, चार दिवसांत दुप्पट होईल." ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी तशी वाढते, मायकोरायझा नाही. पैशापेक्षा हंगाम गेल्याचं जास्त लागलं.

या पिशवीसोबतच्या कागदावर होतं तसंच केलं. मीटरभर लांब-रुंद, फूटभर खोल खड्डा, आत काळं मेणकापड. ५० किलो व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज), ड्रममध्ये वाफवलेली ५ किलो माती, वरच्या थराखाली कल्चर आणि त्यावर मका. सुपर फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचं खत, फक्त २ ग्रॅम! सासरे म्हणाले, "अगं, मूठभर तरी टाक." पण स्फुरद आयतं मिळालं की मुळी या बुरशीला जवळ करत नाही. ६० दिवसांनी मका कापला, मुळ्या बारीक करून त्याच मिश्रणात कालवल्या.

भाच्याने थोड्या मुळ्या कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून व्हिनेगर आणि शाईत रंगवल्या. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली मुळीच्या आत बुरशीचे निळे गोल फुगे स्पष्ट दिसले. मी कितीतरी वेळ डोळा लावून बसले होते.

कांद्याच्या मुळीला केसमुळं फार कमी, म्हणून त्याला या बुरशीची गरज मोठी. गादीवाफ्यावर बियाच्या ओळीखाली टाकलं, एक वाफा मुद्दाम तसाच ठेवला. रोप उपटताना फरक हाताला कळला: टाकलेल्या वाफ्यातल्या मुळ्या माती धरून वर आल्या. उत्पन्नाचं मात्र कांदा निघाल्यावरच सांगेन.

दोन तक्रारी आहेत. कागदावरच्या पिकांच्या यादीत कोबी आणि फ्लॉवर आहेत, ते काढायला हवेत. त्यांच्या मुळीत ही बुरशी शिरत नाही. आणि व्हर्मिक्युलाइट कुठे मिळेल तेही लिहायला हवं, मला नाशिकला दोन खेपा पडल्या.

पुढच्या वर्षी कल्चर पुन्हा तिथूनच आणणार. घरच्यातूनच पुढचं करत गेलं तर मुळीचे रोग आणि सूत्रकृमीही खड्ड्यात येतात.