एक्सपल्स २०० ४व्ही आणि तिचा इन्शुरन्स: अख्खा पावसाळा काढल्यावर, दसऱ्याच्या तयारीसकट

गेल्या दसऱ्याला ही हिरोची कच्च्या रस्त्यांवर चालणारी मोटरसायकल घेतली, २०२३ चं मॉडेल, तीन एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) मोडवालं. शोरूममधून निघाल्यावर आठवड्यात लिहिलेले रिव्ह्यू पैशाला पासरी आहेत, म्हणून एक पावसाळा पूर्ण काढून मगच लिहायचं ठरवलं होतं. आता घट बसलेत, वेल्ह्याकडचे रस्ते सुकायला लागलेत, भातं पिवळी पडलीत आणि सह्याद्रीत गाडी फिरवायचे वर्षातले सगळ्यात भारी दिवस सुरू होतायत, त्यामुळे गाडी आणि इन्शुरन्स दोन्हीचं काम एकाच आठवड्यात काढलं. गाडीच दसऱ्याला घेतली म्हटल्यावर रिन्यूअल पण तेव्हाच येणार ना. इन्शुरन्सबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण त्यावर कोणी धड बोलतच नाही, सगळे एक्झॉस्ट आणि टायरवरच अडकलेले.

आधी गाडी. १९९.६ सीसी, ऑइल कूल्ड, १९ पीएसच्या आसपास, पाच गिअर, वजन १६० किलोच्या आत. हायवेला पळवायची हौस असेल तर ही गाडी तुमची नाही, सातारा रोडला ट्रक ओव्हरटेक करायचा तर आधीपासून मनाची तयारी करावी लागते. पण केळदच्या पुढे मढे घाटाच्या बाजूला डांबर संपून दगड सुरू झाले की मग कळतं हिला कशासाठी बनवलीय. पुढचं चाक २१ इंची, ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी, त्यामुळे ज्या दगडावर बाकीच्यांचं इंजिन खाली टेकतं त्यावरून ही निवांत जाते. सीट ८२५ मिमी उंच आहे आणि मी ५ फूट ४, म्हणजे एका वेळी एकच पाय, तोही चवड्यावर. जमतं, फक्त थांबायच्या आधी कुठल्या बाजूला पाय टेकायचा हे ठरवून ठेवायचं. एबीएसचं पण नीट समजून घ्या, ते फक्त पुढच्या चाकाला आहे. ऑफरोड मोडमध्ये कमी ढवळाढवळ करतं, रॅली मोडमध्ये पूर्ण बंद. उतरणीच्या सुट्या मुरुमावर मला ऑफरोड मोड पुरतो, रॅलीची हौस एकदा करून बघितली, बास.

पावसाळ्यानंतरची सर्व्हिस म्हणजे नुसतं धुऊन ऑइल बदलून झेंडूचा हार घालणं नाही. माझ्या गॅरेजवाल्या दादांनी एअर फिल्टर काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ताई, यातून पीठ चाळता का?" इतका तो मातीनं गच्च झालेला, आणि मी मायलेज का पडलं म्हणून पेट्रोल पंप बदलत बसलेले. कंपनीचा कागदी फिल्टर धुवून वाळवून परत टाकू नका, सरळ नवीन घ्या. नंतर ऑइल कूलर, त्याच्या जाळीत तांबडी माती वाळून बसते आणि मग ऑक्टोबर हिटमध्ये पहिल्या गिअरला चढ चढताना इंजिन तापतं. तिथे प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारायचा नाही, बारीक पात्या वाकतात, साधं पाणी आणि जुना टूथब्रश बेस्ट. फोर्कच्या (पुढच्या शॉकच्या) डस्ट सीलखाली पण माती अडकते आणि तीच पुढे ऑइल सील कापते, पातळ प्लास्टिकची पट्टी आत फिरवली की निघून येते. कोन सेट (हँडलचे बेअरिंग) आणि चाकांचे बेअरिंग हातानं हलवून बघून घ्या. ब्रेक पॅड तर विचारूच नका, कोकणातली लाल माती पॅड आणि डिस्कच्या मध्ये गेली की सँडपेपरचं काम करते.

स्पोक बघायची एक सोपी पद्धत दादांनी दाखवली. सेंटर स्टँड नसल्यामुळे गाडी पॅडॉक स्टँडवर घेतली, चाक हळू फिरवत एकेका स्पोकवर छोटा पाना टकटक करत गेले, घट्ट स्पोक टण्ण वाजतो आणि सैल पडलेला ठप्प. मागच्या चाकात तीन-चार ठप्प निघाले. टायर ट्यूबवाले आहेत, त्यामुळे हवा फार कमी करून दगडावर गेलात तर ट्यूब रिममध्ये चिमटून फाटते. २१ इंची ट्यूब गावाकडच्या पंक्चरवाल्याकडे मिळेल या भरवशावर राहू नका, एक जवळ ठेवाच, अडल्या वेळी तीच मागच्या १८ इंचीत पण कोंबून घरी येता येतं.

आता इन्शुरन्स. नवीन दुचाकीला २०१८ पासून पाच वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरणारा) कंपल्सरी आहे. यामुळे होतं काय, आपल्या डोक्यात पाच वर्षं इन्शुरन्स आहे असं बसतं. बऱ्याच वेळा ओन डॅमेज (आपल्याच गाडीचं नुकसान भरणारा) एकाच वर्षाचा असतो, तो गुपचूप संपतो, पोलिसांनी अडवलं तरी कळत नाही कारण थर्ड पार्टी चालूच असतो. कळतं ते गाडी दरीकडेला आडवी झाल्यावर. पॉलिसीवर दोन वेगळ्या तारखा असतात त्या दोन्ही बघा. संपल्यापासून ९० दिवसांत रिन्यू नाही केला तर नो क्लेम बोनस (एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) पण जातो.

त्या एनसीबीचा बाऊ मात्र उगाच करतात. पहिल्या वर्षाला २० टक्के, चढत चढत ५० पर्यंत, पण तो फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळतो. हप्ता दीड-दोन हजारांच्या घरात असेल तर २० टक्के म्हणजे तीन-चारशे रुपये! जुलैमध्ये ओढ्यातल्या शेवाळावर गाडी उजवीकडे पडली, इंडिकेटर, लिव्हर आणि साइडचं प्लास्टिक गेलं, तेव्हा मी क्लेम केला नाही, पण कारण एनसीबी नव्हतं. झिरो डेप (घसारा न कापता पैसे देणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिक, रबर, ट्यूब, टायर, बॅटरी यावर सरळ ५० टक्के कापतात, वर १०० रुपये कंपल्सरी डिडक्टिबल (आपल्या खिशातून जाणारी रक्कम), आणि सर्व्हेअर येईपर्यंत गाडी अडकून. एवढ्याशासाठी कोण बसणार. ऑफरोडमध्ये तर बाहेरचं प्लास्टिकच आधी फुटतं, त्यामुळे यंदा झिरो डेप घेतलाय.

दुसरं अॅडऑन (जादा पैसे भरून घ्यायचं कव्हर) म्हणजे इंजिन प्रोटेक्शन. ग्रुपमधल्या एकाची गाडी ओढ्याच्या मधोमध बंद पडली, पाणी इनटेकमधून आत गेलं आणि त्यानं तिथेच दोन-तीनदा स्टार्टर मारला. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकते. साध्या पॉलिसीत पूर कव्हर आहे, दरड पण आहे, पण पाणी गेलेलं इंजिन चालू करायला जाऊन झालेलं नुकसान परिणामी नुकसान म्हणून बाहेर काढतात. बिचाऱ्यानं अख्खं इंजिनकाम खिशातून केलं. गाडी पाण्यात बंद पडली तर ढकलत बाहेर काढा, स्टार्टरला हात लावू नका, अॅडऑन असलं तरी.

कस्टमर केअरला विचारलं, ऑफरोड चालतं का, तर तिकडच्या पोरीनं मला तीनदा होल्डवर टाकलं. शेवटी पॉलिसीच वाचली. ऑफरोड हा शब्द मला त्यात कुठेच दिसला नाही. ऑर्गनाइज्ड रेसिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल हे मात्र चक्क बाहेर आहेत, भाड्यानं देणं पण. म्हणजे शनिवारी मित्रांबरोबर कच्च्या रस्त्यावर गेलात तर ठीक, घड्याळ लावलेल्या स्पर्धेत उतरलात तर तुमचं तुम्ही बघा.

फॉग लाइट, बॅश प्लेट (इंजिनखालचं कवच), नकल गार्ड (हँडलवर हातांपुढचं कवच) हे बाहेरून बसवलेलं असेल तर रिन्यूअलला किमतीसकट लिहून द्या. इलेक्ट्रिकल सामानाला किमतीच्या ४ टक्के जादा पडतात, फार नाहीत. पण नुसते फॉग लाइट कोणी काढून नेले आणि गाडी जागेवर असेल तर दुचाकीला त्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणून मी काढता येतील असेच बसवलेत. आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) पण तपासा, वर्ष ओलांडलं की २० टक्के घसारा धरतात, हप्ता स्वस्त दिसावा म्हणून त्याच्याही खाली कोट देतात, आणि गाडी चोरीला गेली की तोच आकडा हातात पडतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा पीए (पर्सनल अॅक्सिडेंट) कव्हर आधीच दुसऱ्या गाडीवर असेल तर परत घ्यायची गरज नाही, माझा स्कूटरवर होता.

आणि एक, सडे-पठारं आता फुलांनी भरलीत, तिथे गाडी घालू नका राव, कच्चे रस्ते कमी पडलेत का.

परत घेईन का ही गाडी? हो, डोळे झाकून. मागच्या टायरचं तेवढं ठरत नाहीये, कंपनीचाच परत टाकू की जास्त खोबणीवाला, हायवेला आवाज करतो म्हणतात तो. दिवाळीपर्यंत आहे तो चालवते.