ज्युनिअर ग्रां प्रीचं थेट प्रक्षेपण: रशियन मुलींचा उदय बघायचा असेल तर इथे बघा

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना, म्हणजे आयएसयू, आपल्या फिगर स्केटिंगच्या ज्युनिअर ग्रां प्री मालिकेचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर दाखवते आणि त्याचे पैसे घेत नाही. ऑगस्टच्या अखेरीस हंगाम सुरू होतो, मग ऑक्टोबरपर्यंत एकामागून एक शहरं. तेराव्या वर्षापासूनची मुलं-मुली बर्फावर उतरतात आणि सर्वांत आधी उतरलेल्या घाबरलेल्या मुलीपासून शेवटच्या गटातल्या विजेतीपर्यंत सगळ्यांचं सगळं बघायला मिळतं. फिगर स्केटिंगवर जीव असणाऱ्या माणसाला याहून चांगली सेवा मला माहीत नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला, ते पुढे सांगते.

बहुतेक लोक हा खेळ चार वर्षांतून एकदा, हिवाळी ऑलिंपिकला बघतात. त्यामुळे रशियन मुली एकदम आभाळातून पडल्यासारख्या वाटतात. २०१० साली व्हँकुव्हरला महिलांच्या एकेरीत रशियाला एकही पदक नव्हतं. त्यांची सर्वांत चांगली स्केटर नववी आली होती. जोड्यांमध्ये सोव्हिएत आणि रशियन स्केटरांनी अनेक दशकं राज्य केलं, पण महिलांची एकेरी हा त्यांचा कायमचा दुखरा कोपरा होता. १९८४ साली किरा इव्हानोव्हाला ऑलिंपिक कांस्य मिळालं, १९९९ साली मारिया बुतिर्स्काया जगज्जेती झाली, मग इरिना स्लुत्स्कायाने दोनदा जग जिंकलं, पण ऑलिंपिक सुवर्ण तिलाही मिळालं नाही. ती निवृत्त झाल्यावर तर मैदान ओसच पडलं. आणि चारच वर्षांनी, २०१४ला सोचीत, सतरा वर्षांच्या अदेलिना सोत्निकोव्हाच्या गळ्यात सुवर्णपदक! पंधरा वर्षांची युलिया लिप्नित्स्काया त्याच स्पर्धेत सांघिक सुवर्ण घेऊन गेली.

पण ज्युनिअर स्पर्धा बघणाऱ्यांना हे काही अचानक घडलेलं वाटलं नाही. सोत्निकोव्हाने २०१०च्या डिसेंबरात ज्युनिअर ग्रां प्रीची अंतिम फेरी जिंकली होती आणि तिच्यामागे दुसरी होती येलिझावेता तुक्तामिशेव्हा, जी पुढे २०१५ साली जगज्जेती झाली. २०११ ते २०२० या दहा वर्षांत ज्युनिअर जागतिक अजिंक्यपद नऊ वेळा रशियन मुलीने जिंकलं. एकदाच, २०१६ला, जपानच्या मारिन होंडाने मध्ये हात मारला. मोठ्यांच्या स्पर्धेत जे तीन-चार वर्षांनी घडणार असतं ते इथे आधीच घडून गेलेलं असतं, म्हणून मला हे प्रक्षेपण मोठ्यांच्या स्पर्धांपेक्षाही मोलाचं वाटतं.

यातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे समालोचन. बरीच वर्षं टेड बार्टन हे कॅनडाचे गृहस्थ तिथे बोलत आले. आज वापरात असलेली गुणपद्धती घडवण्यात त्यांचा स्वतःचा हात होता, त्यामुळे उडी कुठे बिघडली हे ते पुनर्दर्शनात बोट ठेवून सांगतात: पात्याची कड चुकली का, फेरा पाव भागाने अपुरा राहिला का, खांदा आधीच वळला का. आणि बोलतात ते मायेने. चौदा वर्षांची पोर पडली तर तिची फजिती करत नाहीत, पुढच्या उडीला ती कशी सावरली ते दाखवतात. स्केट चालू असताना ते बहुतेक वेळ गप्प असतात, ही गोष्ट मला फार आवडते. संगीत ऐकू येतं, पात्यांचा बर्फावरचा करकर आवाज ऐकू येतो. चांगलं पातं खोल कडेवर असलं की आवाज जवळजवळ येतच नाही, आणि हे कानाला कळायला लागलं की खेळाची अर्धी समज आलीच.

एक उदाहरण घेऊन सांगते. ऑक्टोबर २०१८, येरेव्हान, अर्मेनिया. रियाझानची अलेक्सांद्रा त्रुसोव्हा, वय चौदा. लांब केशरी वेणी, अंगकाठी इतकी बारीक की पडद्यावर ती दहा वर्षांची वाटते. ती मागे मागे घसरत जाते, डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, लांबलचक. लुट्झ उडीची मेख इथेच आहे: शरीर एका दिशेने वळण घेत चाललेलं असतं आणि फिरायचं असतं उलट दिशेने. म्हणून बऱ्याच जणींची कड अगदी शेवटच्या क्षणी आत कलंडते. त्रुसोव्हा उजव्या पायाचं टोक बर्फात रोवते, हात छातीशी घट्ट, आणि भोवऱ्यासारखी चार फेरे फिरून खाली येते. हवेतला सगळा वेळ सेकंदाहूनही बराच कमी. अधिकृत स्पर्धेत कुठल्याही महिलेने यशस्वी केलेली ती पहिली चौपट लुट्झ. तिची नुसती मूळ किंमत ११.५ गुण, आणि तिप्पट लुट्झची ५.९. एका उडीत दुपटीच्या जवळपास! ही आकडेमोड समजली की पुढच्या चार वर्षांत मॉस्कोत काय चाललं होतं ते आपोआप समजतं.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, तेरा वर्षांची असताना, तिने सोफियाच्या ज्युनिअर जागतिक स्पर्धेत एकाच कार्यक्रमात चौपट साल्को आणि चौपट टो-लूप अशा दोन उड्या घेतल्या होत्या. महिलांमध्ये पहिली चौपट उडी जपानच्या मिकी आंदोने २००२ सालीच घेतली होती, तीही ज्युनिअरच्याच स्पर्धेत. पण मध्ये दीड दशक ती वाट जवळजवळ रिकामी होती. रशियन मुलींनी तिचा हमरस्ता केला.

कसं जमलं? याला एकच उत्तर नाही, आणि प्रक्षेपण सलग काही हंगाम बघितलं की निदान तीन-चार धागे हाती लागतात. पहिला पैशाचा. २००७ साली सोचीला यजमानपद मिळालं आणि सरकारी पैसा रिंक आणि क्रीडाशाळांकडे वळला. दुसरा धागा जुन्या सोव्हिएत क्रीडाशाळांचा: पोर चार-पाच वर्षांची असताना निवडायची आणि रोज बर्फावर ठेवायची. तिसरा प्रशिक्षकांचा. सोत्निकोव्हाला घडवणाऱ्या येलेना बुयानोव्हा म्हणजे माहेरच्या वोदोरेझोव्हा, जागतिक स्पर्धेत पदक मिळवणारी पहिली सोव्हिएत महिला. स्वतःला जे सोनं मिळालं नाही ते त्यांनी शिष्येकडून आणवलं. सेंट पीटर्सबर्गला अलेक्सेई मिशिन. आणि मॉस्कोच्या साम्बो-७० शाळेत एतेरी तुत्बेरीद्झे. लिप्नित्स्काया, मेद्वेदेव्हा, झगितोव्हा, त्रुसोव्हा, श्चेरबाकोव्हा, कोस्तोर्नाया, वालियेव्हा: सगळ्या त्यांच्या हाताखालून गेल्या.

पण माझ्या मते खरा इंधनाचा साठा होता आपसातली चुरस. ज्युनिअर ग्रां प्रीच्या एका स्पर्धेला एका देशाच्या दोन मुली, मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेला फार तर तीन. बाकीच्या घरी. २०१८च्या डिसेंबरात रशियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तिघी श्चेरबाकोव्हा, त्रुसोव्हा आणि कोस्तोर्नाया होत्या, आणि तिघीही मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत खेळायला वयाने लहान! त्या वर्षीची ऑलिंपिक विजेती अलिना झगितोव्हा पाचवी आली. तीन महिन्यांनी तीच झगितोव्हा जपानच्या सैतामात जगज्जेती झाली. म्हणजे देशात पाचवी आणि जगात पहिली. यावर मी आणखी काय सांगू?

गुणपद्धतीचा फायदा उचलण्यातही त्या हुशार होत्या. कार्यक्रमाच्या उत्तरार्धातल्या उड्यांना दहा टक्के जादा मिळत, म्हणून झगितोव्हाने मुक्त कार्यक्रमातल्या, म्हणजे छोट्या लघु कार्यक्रमानंतरच्या मोठ्या कार्यक्रमातल्या, सगळ्या उड्या उत्तरार्धात नेऊन ठेवल्या. २०१८च्या प्योंगचांग ऑलिंपिकला तिला आणि येवगेनिया मेद्वेदेव्हाला मुक्त कार्यक्रमात अगदी सारखे, १५६.६५ गुण पडले, आणि लघु कार्यक्रमातल्या आघाडीवर झगितोव्हा जिंकली. त्यानंतर आयएसयूने नियमच बदलला: जादा गुण मुक्त कार्यक्रमात शेवटच्या तीन उड्यांनाच. काही लोक याला लबाडी म्हणत होते. मला ते मान्य नाही. थकलेल्या पायांनी सात वेळा उडी मारणं ही मेहनत आहे, आणि नियमात बसत होतं तोवर तिचा हक्क होता.

तरीही माझ्या आवडीचा कार्यक्रम उड्यांसाठी लक्षात राहिलेला नाही. २०१९ साली फ्रान्समधल्या कूर्शव्हेलला तेरा वर्षांच्या कमिला वालियेव्हाचा लघु कार्यक्रम बघा. मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात पिकासोचं चेंडूवर तोल सावरणाऱ्या मुलीचं चित्र आहे, त्यावर तो बेतलेला. सुरुवातीला ती हात वर करून डोलते, आणि त्या डोलण्यातच चेंडूचा गोलवा दिसतो. मनगटं इतकी सैल की हात पाण्यात असल्यासारखे. लघु कार्यक्रमात महिलांना चौपट उडीची परवानगीच नसते, त्यामुळे लक्ष उडीकडे धावत नाही, स्केटिंगकडे राहतं.

आता तो कापलेला अर्धा गुण. प्रक्षेपण जे दाखवतं ते सुंदर दाखवतं, पण साडेतीन मिनिटांच्या मुक्त कार्यक्रमाआधी आणि नंतर काय झालं ते त्यात येत नाही. मुलगी बर्फावरून उतरते, गुणांची वाट बघत बाकावर बसते, मांडीवर खेळणं, कॅमेऱ्याला हात हलवते, आणि पुढची येते. काही वर्षांनी शोधायला जावं तर ती खेळातच नसते. २०१७च्या ज्युनिअर ग्रां प्रीच्या अंतिम फेरीत तिन्ही पदकं रशियाला मिळाली: त्रुसोव्हा, कोस्तोर्नाया, अनास्तासिया ताराकानोव्हा. ताराकानोव्हा मोठ्यांच्या जागतिक स्पर्धेत कधीच पोचली नाही. कोस्तोर्नाया, माझ्या दृष्टीने त्या सगळ्यांत पूर्ण स्केटर, २०१९-२०च्या हंगामात मोठ्यांच्या ग्रां प्रीची अंतिम फेरी आणि युरोपीय स्पर्धा जिंकली. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा करोनामुळे रद्द झाली आणि नंतरही तिला तिथे कधी उतरताच आलं नाही. लिप्नित्स्काया एकोणिसाव्या वर्षी निवृत्त झाली, ॲनोरेक्सियावर, म्हणजे खाणं तोडणाऱ्या आजारावर, उपचार घेऊन. मुलगी वाढते, कंबर रुंदावते, वजन बदलतं, आणि जे शरीर चार फेरे फिरत होतं ते तसं उरत नाही. हे सत्य त्या गोड बाकावरच्या दृश्यात कुणी बोलत नाही, आणि तेरा वर्षांच्या मुली दाखवणाऱ्या प्रक्षेपणाने ते कधीतरी बोलावं असं मला मनापासून वाटतं.

बीजिंगला २०२२ साली हे सगळं एकदम जगासमोर आलं. वालियेव्हाच्या २५ डिसेंबर २०२१च्या नमुन्यात ट्रायमेटाझिडिन हे बंदी असलेलं औषध सापडलं होतं, आणि ते कळलं ऐन ऑलिंपिक चालू असताना. मुक्त कार्यक्रमात ती पुन्हा पुन्हा पडली. श्चेरबाकोव्हा सुवर्ण, पाच चौपट उड्या घेणारी त्रुसोव्हा रौप्य. क्रीडा लवादाने २०२४ साली वालियेव्हावर चार वर्षांची बंदी घातली. नमुना घेतला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिच्याभोवती सगळी मोठी माणसं होती, आणि माझा राग त्या मोठ्यांवर आहे, तिच्यावर नाही.

मोठ्यांच्या स्पर्धेसाठीचं किमान वय आयएसयूने पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेलं. उशीर झाला, पण बरं झालं. मोठ्या वयात काय होऊ शकतं त्याचा दाखला तुक्तामिशेव्हा आहेच: २०२१ला स्टॉकहोममध्ये, चोविसाव्या वर्षी, ट्रिपल ॲक्सल ही साडेतीन फेऱ्यांची उडी घेऊन तिने जागतिक रौप्य मिळवलं. ग्लाझॉव्हसारख्या लहान गावातून आलेली ती मुलगी मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त आवडते.

मार्च २०२२मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियन स्केटरांवर बंदी आली आणि त्यानंतरच्या हंगामांत त्यांचा झेंडा या मालिकेतून गेला. मग आता ही सेवा बघण्यात राम उरला आहे का? आहे. जपानच्या माओ शिमादाने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी ओळीने तीन वर्षं ज्युनिअर जागतिक अजिंक्यपद जिंकलं, ट्रिपल ॲक्सल आणि चौपट टो-लूप घेऊन. त्रुसोव्हाने फोडलेल्या वाटेवर आता इतर देशांच्या मुली चालतात, आणि ते बघायला याच प्रक्षेपणाकडे यावं लागतं.

नव्याने बघणाऱ्यांनी सलग चार-पाच तासांचं सत्र लावून बसू नये, कंटाळा येईल. एकेका स्केटरचे सुटे व्हिडिओही मिळतात. आधी येरेव्हानची त्रुसोव्हा, मग त्याच २०१८च्या हंगामातली ओस्ट्राव्हाची कोस्तोर्नाया, लगेच पाठोपाठ. एकदा नेहमीच्या वेगाने बघा, मग वेग अर्धा करून फक्त पायांकडे. कोस्तोर्नाया उडीच्या आधी किती कमी पावलं घेते आणि उतरल्यावर किती लांब घसरत जाते, तेवढंच मोजा.